वस्तीला वाफाभर जमीन

अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये सध्या गच्चीवरच्या शेतीची हौस जोरात आहे. ड्रममध्ये टोमॅटो, कुंडीत पालक, आणि रविवारी त्यांचे फोटो. आमचा त्याला विरोध नाही. पण त्याच उपनगरातल्या वस्तीत एखाद्या बाईने गटाराच्या कडेला रंगाच्या डब्यात अळू लावला की ते अतिक्रमण होते. आणि आरोग्य शिबिरात तिलाच ऐकवले जाते, "ताई, हिरव्या भाज्या खात जा." भाजी खा म्हणणारे पुष्कळ आहेत. भाजी लावायला जागा देणारा कोण आहे?

वस्तीतली सामूहिक बाग हा छंदाचा विषय नाही. तो जमिनीच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात त्याची मुळे खोल गेलेली आहेत. हे म्हटले की आपलेच काही तरुण हसतात. त्यांचे म्हणणे असे की बाबासाहेबांनी आपल्याला गावातून बाहेर काढले, शिका म्हणून सांगितले, आणि तुम्ही पुन्हा हातात खुरपे देता? या आक्षेपाला नीट उत्तर दिले पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे.

बाबासाहेबांनी गावाची आरती केली नाही हे खरेच. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी गावगाड्यावर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. पण टीका मातीवर नव्हती, मातीवरच्या मालकीवर होती. मार्च 1927 च्या महाड परिषदेचे पाणी आपल्याला पाठ असते, ताट आपण विसरतो. तळ्याचे पाणी प्यायला जाण्याआधी त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडायला सांगितले होते. दुसऱ्याच्या उरल्यासुरल्यावर जगणारा माणूस ताठ उभा राहू शकत नाही, हा त्यामागचा विचार. पण तुकडे सोडायचे तर भाकरी कुठून आणायची? म्हणून पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. म्हणून 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांना जात न पाहता सामूहिक कसण्यासाठी द्यावी, अशी योजना मांडली. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. सामूहिक बागेची कल्पना परदेशातून आली असे ज्यांना वाटते त्यांनी हे पुस्तक पुन्हा उघडावे.

बाबासाहेबांनंतर हा धागा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी धरला. 1959 चा भूमिहीनांचा सत्याग्रह, आणि 6 डिसेंबर 1964 पासूनचा देशव्यापी सत्याग्रह, ज्यात लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी एकच, पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. मराठवाड्यात गायरानाच्या तुकड्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, घरे जळताना पाहिली. मातीशी आपले काही देणेघेणे नाही, असे त्या पिढीपुढे म्हणायची हिंमत कुणी केली नसती.

मग 1972 चा दुष्काळ आला. रेशनवर लाल मिलो, गावात खडी फोडण्याचे काम, आणि ज्यांच्याकडे गुंठाही नव्हता त्यांनी मुंबईची गाडी धरली. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरासारख्या उपनगरी वस्त्या अशा भूमिहीनांनी भरल्या. सोबत हातांतले कसब आले: ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली, तिला मराठी पाकपुस्तकांनी तोवर जागाच दिली नव्हती. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, बाजरीला 'श्रीअन्न' नाव मिळाले, आणि ज्या भाकरीवरून आपल्याला हिणवले गेले ती आता मॉलमध्ये रंगीत पाकिटात मिळते. वस्तीतल्या पोराच्या हातात मात्र पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा.

शहरात खायचे काय हा प्रश्न तेव्हाही पेटला होता. दुष्काळाच्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. महागाईचा मोर्चा आणि पँथर यांची गाठ पक्की बसली असती तर रेशनच्या राजकारणाचे चित्र वेगळे दिसले असते, असे आम्हाला वाटते. तो विषय कधीतरी सविस्तर.

उपनगरात भाजी पिकतच नव्हती असे नाही. घाटकोपरकडून मुलुंडकडे लोकलने जाताना रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळ्याचे वाफे कुणी पाहिले नाहीत? 1942-43 मध्ये सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू केली होती. त्याच नावाने पुढे रेल्वेने आपल्या खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना रुळाकडेच्या पट्ट्या कसायला दिल्या. पाणी बहुतेक ठिकाणी नाल्याचे. नाल्यात मैला आणि कारखान्यांचे सांडपाणी, म्हणजे ज्या वस्तीला शहराने गटार दिले नाही तिचीच घाण वाफ्यात जाऊन भाजी होऊन पुन्हा स्वस्तात तिच्याच ताटात. ओरड झाली तेव्हा अलीकडच्या काळात वाफे बंद करण्याचा मार्ग धरला गेला. स्वच्छ पाणी देण्याचा पर्याय कुणी गंभीरपणे घेतला नाही.

दुसरे उदाहरण आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आदिवासी पाड्यांचे. वारली कुटुंबे तिथे आजही वाडी करतात आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळे, कंटोळी गोळा करतात. मुंबईतली सर्वांत जुनी लोकबाग शोधायची तर तिथे जावे. आणि त्यांच्याच डोक्यावर हटवले जाण्याची तलवार लटकती.

1997 हे साल लक्षात ठेवा. मे महिन्यात उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवण्याचा आदेश दिला. जूनमध्ये रेशन सर्वांसाठी न राहता दारिद्र्यरेषेच्या पट्टीने मोजले जाऊ लागले. 11 जुलैला रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि दहा जण शहीद झाले. तीन वेगळ्या घटना, मान्य. पण राहायची जागा, पोटातले अन्न आणि माणूस म्हणून मान या तिन्हींवर एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात घाव पडला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य दिले. पोट भरते, पण त्यात ना डाळ, ना भाजी. शाळेत आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधीही काढून घेतला. अंड्याला कुणाचा विरोध असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आता रमाबाई नगराचा पुनर्विकास होतो आहे. पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे वाढवायचा म्हणून एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण एकत्र आले आहेत. सुमारे सोळा-सतरा हजार कुटुंबांचा प्रश्न. घर 300 चौरस फुटांचे मिळेल, आणि पक्के घर हवेच. पण नियम वाचा. मोठ्या भूखंडावरच्या साध्या इमारतींना 1991 च्या नियमावलीत 20 ते 25 टक्के मोकळी जागा सोडावी लागे. झोपडपट्टी पुनर्वसनात, योजना परवडावी म्हणून, ती 8 टक्क्यांपर्यंत खाली आणता येते. गरिबाच्या मुलाला माती आणि ऊन कमी लागते, असा हा शोध कुठल्या शास्त्राने लावला? आणि त्या आठ टक्क्यांवरही शेवटी फरशी बसते, गाड्या उभ्या राहतात.

म्हणून वस्तीवस्तीतल्या कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे. पुनर्विकासाच्या सभेत चटई क्षेत्र आणि भाड्याच्या धनादेशाबरोबर मोकळ्या जागेचा नकाशा मागा. किती जागा जमिनीवर आहे आणि किती नुसती कागदावर, हे लेखी घ्या. फरशीऐवजी माती आणि पिण्याच्या पाण्याचा एक नळ लिहून घ्या. वाफे महिला मंडळाच्या ताब्यात राहतील, विकासकाच्या माळ्याच्या नव्हे, हेही. तोवर बुद्धविहाराच्या अंगणात बोधिवृक्षाभोवतीची जागा आहेच. तिथे शेवगा, कढीपत्ता आणि अळू लावायला कुणाची परवानगी लागत नाही. खाजणावर भराव टाकलेल्या वस्तीत मात्र तिथल्या मातीत थेट लावू नका. भरावात काय काय आहे कुणाला ठाऊक. बाहेरची माती आणा, वाफे विटांवर उंच बांधा आणि नाल्याचे पाणी कटाक्षाने टाळा.