चेन नवी, फ्रीव्हील नवं, तरी गिअर अडतो? सायकलचं दुखणं ओळखायचं कसं?

पेणहून सकाळी सायकल काढली. वडखळ, नागोठणे गाठेपर्यंत सगळं सुरळीत. नागोठण्यातून रोह्याकडे वळलात, भिसे खिंडीचा चढ लागला, पेडलवर जोर दिला आणि 'खटाक्!' चेन दात्यावरून घसरली आणि पाय रिकामाच खाली गेला. मागून ट्रक येतोय. गंमत म्हणजे चेन मागच्याच आठवड्यात नवी टाकलेली!

अशा वेळी आपण दोनच गोष्टी करतो. एकतर नव्या पार्टला नावं ठेवतो, नाहीतर दिसेल तो स्क्रू फिरवत सुटतो. खरं तर बहुतेक वेळा नवा पार्ट खराब नसतो. तो सायकलवरच्या बाकीच्या पार्टशी जुळत नसतो. नेमकं काय जुळत नाही, हे लक्षणावरून ओळखता येतं.

गिअर बदलतो म्हणजे काय होतं?

हँडलवरचा शिफ्टर एका क्लिकमध्ये ठरावीक मापाची वायर ओढतो. त्या वायरीने मागचा डिरेलर सरकतो आणि चेनला शेजारच्या चकतीवर नेतो. 1984 साली जपानच्या शिमानो कंपनीने ही क्लिकची पद्धत आपल्या ड्युरा-एस या सेटमध्ये आणली. त्याआधी दांडी अंदाजाने सरकवून गिअर जुळवावा लागे. आता अंदाज नाही, पण चूकही खपत नाही. एखाद्या मिलिमीटरचा फरकही चेनला खडखडायला लावतो.

पहिला प्रश्न: चेन घसरते की गिअर लागत नाही?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

गिअर नीट बसलाय, सपाटीवर आवाजही नाही, पण चढावर जोर दिला की चेन घसरते, तर दोष बहुधा झिजेचा आहे. ॲडजस्टमेंट करून तो जाणार नाही.

क्लिक केल्यावर चेन हलतच नाही, उशिरा हलते किंवा दोन चकत्यांमध्ये खडखडते, तर दोष वायरीत, हँगरमध्ये किंवा मापात शोधा.

1. नवी चेन, जुनं फ्रीव्हील

चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असतं. चेन वापरून पिना झिजल्या की हे अंतर वाढतं आणि फ्रीव्हीलचे दातेही त्या वाढलेल्या मापाने झिजतात. म्हणून जुनी जोडी गुण्यागोविंदाने चालते. नवी चेन आली की बिनसतं. सर्वात जास्त वापरलेल्या चकतीवर चेन आधी घसरते.

घरच्या घरी तपासा. फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. तिथून 24वी पिन बरोबर 12 इंचांवर हवी. ती सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर पुढे असेल तर फ्रीव्हीलही गेलं समजा. काढलेली जुनी चेन फेकण्याआधी तिच्यावर ही चाचणी जरूर करा.

2. आकडा जुळत नाही

मागे सात चकत्या असतील तर शिफ्टरही सातचाच हवा. शिमानोच्या 7-स्पीडमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर 5 मिलिमीटर, 8-स्पीडमध्ये 4.8. फरक नगण्य वाटतो, पण सहा क्लिकमध्ये तो 1.2 मिलिमीटर होतो. मग एका टोकाचे गिअर जुळवले की दुसऱ्या टोकाचे बिघडतात.

चेनची लांबीही पाहा. 28 दात्यांच्या जागी 34 दात्यांची मोठी चकती आली असेल तर जुन्या लांबीची चेन अपुरी पडू शकते आणि डिरेलरही तेवढा पल्ला झेपणारा लागतो. चकत्या तेवढ्याच असतील तर जुन्या चेनच्या कड्या मोजून नवी कापा. दोन्ही चेन शेजारी लटकवून मापू नका, कारण जुनी वाढलेली असते.

3. वायर आणि आऊटर

मोठ्या चकतीवर चेन चढते, पण लहान चकतीवर उतरताना रेंगाळते? मग वायर अडकतेय. चढवताना तुमचा अंगठा जोर लावतो, उतरवताना फक्त स्प्रिंग. कोकणातला पाऊस आणि खाडीकाठची खारी हवा यांनी आऊटरमध्ये, म्हणजे वायरीवरच्या नळीत, गंज धरतो. वायर आणि आऊटर दोन्ही बदला.

आऊटर गिअरचाच घ्या. ब्रेकचा आऊटर ताणाखाली दबतो आणि क्लिकचं गणित चुकतं. उलट, गिअरचा आऊटर ब्रेकला कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबल्यावर तो फाटू शकतो.

4. वाकलेला हँगर

डिरेलर ज्या पट्टीवर बसतो तो हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा टेम्पोत आडवी ठेवली की तो वाकतो. मागे उभं राहून पाहा: डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या वरच्या चकत्यांच्या समांतर, सरळ रेषेत हव्यात. त्या तिरक्या दिसल्या तर आधी हँगर दुकानात सरळ करून घ्या. तोवर केलेली ॲडजस्टमेंट फुकट जाते.

सगळं ठीक असेल तर जुळवणी अशी करा

- मागचं चाक उचलून धरा आणि चेन सर्वात लहान चकतीवर आणा.
- डिरेलरवर 'एच' आणि 'एल' खुणांचे दोन स्क्रू असतात. 'एच' स्क्रूने डिरेलर लहान चकतीच्या बरोबर खाली आणा.
- वायर ताणून घट्ट करा आणि एक क्लिक द्या.
- चेन वर चढली नाही तर वायर सैल आहे. वायर डिरेलरमध्ये शिरते तिथला बॅरल ॲडजस्टर मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडा फिरवा.
- चेन पुढच्या मोठ्या चकतीला घासली तर तोच काट्यांच्या दिशेने फिरवा. एका वेळी पाव फेराच.
- शेवटी 'एल' स्क्रू तपासा. डिरेलर सर्वात मोठ्या चकतीपलीकडे जाता कामा नये.

हा शेवटचा मुद्दा विसरू नका. 'एल' स्क्रू सैल राहिला तर चेन किंवा डिरेलर आऱ्यांत अडकून चाक जागच्या जागी थांबू शकतं, आणि सर्वात हलका गिअर आपण नेमका चढावरच टाकतो. त्यामुळे पार्ट बदलल्यावर आधी घराजवळच्या एखाद्या चढावर, गर्दी नसताना, प्रत्येक गिअर जोर देऊन तपासा. मगच खिंडीची वाट धरा.