जाच आणि जाचक

छळ म्हटला की छळणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते : खाष्ट सासू, उर्मट मुकादम, खुनशी साहेब. कथा-कादंबऱ्यांनीही ही माणसे मन लावून रंगवली. पण ज्या छळाला चेहराच नाही, त्याचे काय? युरोपात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा जो प्रयत्न झाला, तो एका अर्थी शब्दांचाच इतिहास आहे.

लहान पक्षी एकजुटीने मोठ्या शत्रूवर तुटून पडतात, त्याला प्राणिशास्त्रात 'मॉबिंग' म्हणतात. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनी हा शब्द कामाच्या जागी आणला. एखाद्याशी अबोला धरणे, त्याचे काम काढून घेणे, चारचौघांत टोचून बोलणे, आणि हे आठवड्यातून किमान एकदा, निदान सहा महिने. सातत्य हेच त्यांच्या व्याख्येचे मर्म. माणूस एका घावाने नव्हे, रोजच्या काचाने खचतो. पुढे फ्रान्समध्ये मानसोपचारतज्ज्ञ मारी-फ्रान्स इरिगोयेन यांच्या १९९८च्या पुस्तकाने मानसिक छळाची चर्चा सर्वतोमुखी केली आणि २००२मध्ये असा छळ कायद्याने गुन्हा ठरला.

तरीही चित्र दोघांचेच राहिले : एक छळणारा, एक सोसणारा. ते मोडले 'फ्रान्स टेलिकॉम'च्या खटल्याने. पूर्वी सरकारी असलेल्या या कंपनीला २००६पासून तीन वर्षांत २२,००० माणसे कमी करायची होती. पण पुष्कळ कर्मचाऱ्यांना सरकारी नोकराचे संरक्षण होते. त्यांना काढता येईना. मग त्यांनी आपणहून जावे असे वातावरण निर्माण करण्यात आले : लादलेल्या बदल्या, अनोळखी कामे, सततचा दबाव. न्यायालयाने ३९ जणांची प्रकरणे तपासली. त्यांतील १९ जणांनी आत्महत्या केली होती, १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता. डिसेंबर २०१९मध्ये माजी प्रमुख दिदिए लोंबार आणि त्यांचे सहकारी दोषी ठरले. त्यांनी त्या ३९ जणांना स्वतः गाठून छळले, हे सिद्ध होण्याची गरज नव्हती. धोरणच छळ होते. जानेवारी २०२५मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका मान्य केली.

मराठीला यात नवल वाटू नये. जाच माणसाचा असतो, पण 'जाचक' हे विशेषण आपण बहुधा अटींना, नियमांना लावतो. नियमही माणसाला जाचतो, हे भाषेने केव्हाच ओळखले आहे. प्रश्न एवढाच, की ते जाचक नियम करणाऱ्याचे नाव आपण कधी विचारणार?