कार्डाचं टोकन म्हणजे काय?

ऑनलाइन खरेदीत कार्डावरच्या नंबराऐवजी वापरला जाणारा पर्यायी क्रमांक म्हणजे टोकन. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून शॉपिंग साइटना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. ओळखीपुरते शेवटचे ४ आकडे ठेवता येतात. खरा नंबर बँक आणि कार्ड नेटवर्ककडेच राहतो.

टोकन ग्राहकाच्या संमतीनेच, ओटीपी टाकून तयार होतं. त्याला पैसे पडत नाहीत. एकच कार्ड दोन साइटवर वापरलं तर टोकनही दोन. त्यामुळे एका साइटचा डेटा फुटला तरी तिथलं टोकन दुसरीकडे चालत नाही. टोकन नको असेल तर दर वेळी नंबर टाकायचा. मात्र फोनवर कुणाला ओटीपी सांगून टाकला, तर टोकनचा काही उपयोग नाही.