जे. पी.ची सही आणि काकांची वही

स्मरणिका समितीने "सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं, म्हणून मी ऑफिसातलं जुनं कपाट उघडलं. इमारतीचे नकाशे, पाणीपट्टीची बिलं आणि सभांची इतिवृत्तं यांच्याखाली लाल कापडी बांधणीची एक वही सापडली. बी विंगमधल्या आपल्या काकांची. जुन्या सभासदांना नाव सांगायला नको. नव्या मंडळींसाठी एवढंच, की काका शासनाने नेमलेले विशेष कार्यकारी अधिकारी होते. दर रविवारी नऊ ते अकरा त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा. शाळाप्रवेश असो, रेशनकार्ड असो, नोकरीचा अर्ज असो, काका मूळ कागद बघून झेरॉक्सवर सही-शिक्का द्यायचे. पैसे घेत नसत. उलट चहा त्यांच्याकडूनच.

ही बिनपैशाची सही फार जुनी आहे. इंग्लंडात 1361 सालच्या कायद्याने 'जस्टिस ऑफ द पीस' या पदाला रूप दिलं. गावातल्याच प्रतिष्ठित माणसाने शांतता राखायची, किरकोळ तंटे बघायचे. इंग्रजांबरोबर हे पद मुंबईत आलं. सुरुवातीला ते गोऱ्यांपुरतंच होतं. 1830 नंतरच्या दशकात नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय अशा एतद्देशीयांनाही हा मान मिळाला.

पुढे 1865 च्या कायद्याने मुंबईचा नगरकारभारच या जस्टिस मंडळींच्या हाती आला. कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड, मार्केटवाले. त्यांनी कामं धडाक्यात केली, पण खर्चही तसाच केला. करदाते ओरडू लागले. त्यातून 1872 साली 64 सभासदांची महापालिका आली. त्यातले 32 करदात्यांनी निवडायचे, 16 जस्टिसांनी आणि 16 सरकारने नेमायचे. म्हणजे आपल्या महापालिकेच्या जन्मात जे. पीं.चा वाटा आहे. पुढे सत्ता गेली, पण मान आणि सही राहिली. दारावरच्या पाटीत नावापुढे 'जे. पी.' लिहिलेलं असलं, की लोक कागद घेऊन त्या घराचा जिना चढत.

मीही चढलोय. 1971 साली बी.कॉम. होऊन बँकेच्या नोकरीचा अर्ज भरत होतो. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहायचो. झेरॉक्स कुठली? गुणपत्रिकेची प्रत टाईप करून घ्यायची आणि कुणा अधिकारी माणसाकडून ती खरी असल्याची सही आणायची. पलीकडच्या वाडीत एक जे. पी. होते. रात्री साडेआठला पोचलो. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. त्यांनी विचारलं, "पोरा, मूळ कुठाय?" मूळ घरी राहिलं होतं. मी रडकुंडीला आलो. ते म्हणाले, "घेऊन ये, मी जागा आहे." धावत जाऊन आणलं. त्यांनी ओळ न ओळ ताडून पाहिली, एका विषयाचे टाईपिंगमध्ये चुकलेले गुण दाखवून दुरुस्त करायला लावले, मग सही केली. तो चुकीचा आकडा तसाच गेला असता, तर पुढे मलाच जड गेलं असतं. तो अर्ज लागला आणि 1972 ला मी बँकेत चिकटलो.

काळ बदलला. 1974 पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली. जे. पी. मागे पडले, विशेष कार्यकारी दंडाधिकारी आणि मग विशेष कार्यकारी अधिकारी आले. नाव बदललं, रविवारची रांग तीच.

आता जे लिहायचं ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. 2003 च्या नोव्हेंबरात वडिलोपार्जित घराच्या कामाचा एक फॉर्म नागपूरच्या धाकट्या भावाने सही करून पोस्टाने पाठवला. ती सही साक्षांकित करून हवी होती. मी काकांकडे गेलो. ते म्हणाले, "सही माझ्यासमोर झालेली नाही. भाऊ आले की देतो." मी म्हटलं, "काका, मी बँकेत अधिकारी आहे, भावाची सही ओळखत नाही का?" ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या काउंटरवर तुम्ही अशी सही पास कराल का?" उत्तर नव्हतं, म्हणून राग आला. भावाने नागपुरातच एका सकाळी काम उरकलं. काहीच अडलं नाही. पण मी काकांशी बोलणं सोडलं. जिन्यात भेटले तर मान वळवायचो. संक्रांतीला ते स्वतः वर आले, तिळगूळ दिला. मी घेतला. "चुकलो" म्हणालो नाही.

2015 मध्ये राज्य शासनाने बहुतेक कामांसाठी स्वयंसाक्षांकन मान्य केलं. लोकांची खेप वाचली, हे चांगलंच झालं. काकांच्या दारातल्या चपलाही कमी झाल्या. पुढच्याच वर्षी काका गेले.

2018 ला मुलाकडे सिडनीला होतो. तिथे जे. पी. अजून आहेत. सरकार पाच वर्षांसाठी नेमतं, मानधन नाही, लोकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. ग्रंथालयात टेबल मांडून बसतात. मला एक प्रतिज्ञापत्र करायचं होतं. घरूनच सही करून गेलो होतो. समोरच्या आजीबाईंनी माझा चेहरा नीट पाहिला, पासपोर्टावरचा फोटो पाहिला (तिथे चेहरा आणि ओळख पाहणं कायद्यानेच बंधनकारक आहे) आणि कोरा फॉर्म पुढे केला. माझ्यासमोर सही करा, म्हणाल्या. मला एकदम काका आठवले.

काकांच्या वहीत प्रत्येक सहीची नोंद आहे. तारीख, नाव, कागद. नाकारलेल्या सह्यांचीही आहे. नोव्हेंबर 2003 च्या पानावर माझा फ्लॅट नंबर, आणि पुढे लिहिलंय, "व्यक्ती समक्ष हजर नाही. सही दिली नाही. वाईट वाटले."

काका, चुकलो. माझंच चुकलं.

ती वही सोसायटीच्या दप्तरात जपून ठेवावी, अशी समितीला विनंती आहे.