पुनर्प्रवाह-इजा व दाहशामक पेप्टाइडे

हृदयाची रोहिणी गुठळीने बंद पडली की तिच्या वाट्याचा हृदयस्नायू मरू लागतो. रोहिणी उघडून रक्त पुन्हा सुरू करणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. परंतु परत आलेले रक्त स्वतःही काही पेशींचा बळी घेते. या जादा हानीला पुनर्प्रवाह-इजा म्हणतात. अखेरीस मरणाऱ्या स्नायूपैकी निम्म्यापर्यंत वाटा या इजेचा असू शकतो, असे अनुमान प्राण्यांवरील प्रयोगांतून निघते. पेप्टाइडे म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. त्यांपैकी दाह शमवणारी काही पेप्टाइडे रोहिणी उघडण्याच्या सुमारास शिरेतून देऊन ही इजा टाळावी, या कल्पनेवर गेली सुमारे पंचवीस वर्षे काम चालू आहे. नेहमीच्या उपचारांत मात्र यांपैकी एकही अजून आलेले नाही.

इजा कशी घडते : अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट जेनिंग्ज यांनी १९६० मध्ये कुत्र्यांच्या हृदयावरील प्रयोगांत पाहिले, की काही काळ बांधून ठेवलेली रोहिणी सोडल्यावर स्नायूतील मृत्यूच्या खुणा अधिक वेगाने उमटतात. रक्त थांबलेले असताना पेशीतील ऊर्जा संपते, आम्लता वाढते आणि सोडियम व कॅल्शियम साचत जाते. आम्लता एरवी घातक. येथे मात्र ती काही प्रमाणात राखणदाराचे काम करते, कारण ती असेपर्यंत मायटोकाँड्रियाच्या पडद्यातील छिद्रे मिटलेली राहतात. रक्त परतताच आम्लता धुऊन जाते, ऑक्सिजनचे विध्वंसक मूलक तयार होतात, छिद्रे उघडतात आणि कॅल्शियमने भरलेली पेशी आवळून फाटते. हे सारे पहिल्या काही मिनिटांत घडते.

दाहाचा अंक त्यानंतरचा. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला ऐवज रक्तातील पूरक प्रथिनांना आणि पांढऱ्या पेशींना धोक्याची वर्दी देतो. केशवाहिन्यांचे अस्तर सुजते आणि त्याच्या पेशींमधील सांधे सैल होतात. पुढच्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथून स्नायूत घुसतात. त्या आपली विकरे ओततात, बिंबिकांसोबत (प्लेटलेट) गोळे करून बारीक वाहिन्या तुंबवतात आणि अजून जिवंत असलेल्या पेशींनाही सोडत नाहीत. अँजिओप्लास्टीच्या (तार व फुगा घालून रोहिणी उघडण्याच्या) वेळी पडद्यावर मोठी रोहिणी स्वच्छ उघडलेली दिसते, तरी खालच्या स्नायूत रक्त शिरत नाही. हा ‘नो-रिफ्लो’ कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या दालनात, रोजच्या बोलण्यातला आहे, आणि तो दिसलेल्या रुग्णाचे पुढचे भवितव्य तुलनेने वाईट असते.

मग दाह सरसकट दाबून टाकावा, असे वाटणे साहजिक आहे. तसे करून झाले आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन हे जोरदार स्टेरॉइड हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांना दिल्यावर अपाय झाल्याचा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलेला स्नायू साफ करून तेथे मजबूत व्रण उभारण्याचे काम याच दाहाचे असते. ते थांबले तर व्रण पातळ राहतो आणि हृदयाची भिंत फुगण्याचा किंवा फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिली लाट थोपवायची आणि दुरुस्तीला हात लावायचा नाही, असे नेमके औषध हवे. रक्तातून लवकर नाहीशी होणारी आणि एखाद्याच ग्राहीवर (पेशीवरील संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) काम करणारी पेप्टाइडे या कामी आकर्षक वाटतात ती त्यामुळेच.

प्रमुख पेप्टाइडे : स्टेरॉइडांच्या प्रभावाखाली शरीरात ॲनेक्सिन ए१ हे प्रथिन सक्रिय होते. त्याच्या टोकाचा २५ अमिनो आम्लांचा तुकडा ‘एसी२-२६’ न्यूट्रोफिलांवरील ग्राहीला चिकटतो आणि त्यांची वाहिनीच्या भिंतीवरची पकड सुटते. स्टेरॉइडचा हवा तेवढाच गुण वेगळा काढण्याचा हा प्रयत्न. त्यामागील पुरावा मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांचा आहे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण एफएक्स०६ चे. गुठळी विरघळताना तिच्या फायब्रिनचे तुकडे सुटतात. ते वाहिनीच्या अस्तरातील व्हीई-कॅडेरिन या सांध्याच्या प्रथिनाला चिकटून पांढऱ्या पेशींना आत जाण्याची वाट करून देतात. फायब्रिनच्या बीटा साखळीतील १५ ते ४२ क्रमांकाच्या २८ अमिनो आम्लांचा तुकडा तीच जागा अडवतो, म्हणजे शरीराच्याच मोडतोडीतील एक तुकडा दुसऱ्याच्या आड येतो. व्हिएन्ना येथील पेटर पेत्झेलबाउअर व सहकाऱ्यांनी हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युरोपातील ‘फायर’ चाचणीत अँजिओप्लास्टी होणाऱ्या २३४ रुग्णांवर ते तपासले गेले. निष्कर्ष २००९ मध्ये आले. पाचव्या दिवशीच्या एमआरआयमध्ये बाधित क्षेत्राच्या एकूण आकारात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि तोच चाचणीचा मुख्य निकष होता. आतला पूर्ण मृत गाभा मात्र मध्यक ४.२० ग्रॅमवरून १.७७ ग्रॅमवर आलेला दिसला. चार महिन्यांनंतर व्रणाच्या आकारातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. अशा निकालाला यश म्हणणे धाडसाचे ठरेल. पण कल्पना मुळातच चुकीची होती, असेही त्यावरून म्हणता येत नाही.

सायक्लोस्पोरिन हे ११ अमिनो आम्लांचे वर्तुळाकार पेप्टाइड बुरशीपासून मिळते आणि मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांना परिचित आहे. ते मायटोकाँड्रियाची छिद्रे मिटवून ठेवते. २००८ मध्ये फ्रान्समध्ये ५८ रुग्णांच्या छोट्या चाचणीत त्याने इजा कमी केल्याचे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. २०१५ मध्ये ‘सर्कस’ या ९७० रुग्णांच्या चाचणीने ती मोडीत काढली. मृत्यू, हृदय कमकुवत होऊन पुन्हा भरती होणे इत्यादी घटनांचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ५९.० टक्के, तर न घेतलेल्यांत ५८.१ टक्के होते. मायटोकाँड्रियाच्या पडद्याला आधार देणारे चार अमिनो आम्लांचे एलामिप्रेटाइड आणि प्रथिन कायनेज सी-डेल्टाला रोखणारे डेलकासर्टिब यांचीही झटक्याच्या रुग्णांत हीच गत झाली. ही तिन्ही मुख्यत्वे पेशीच्या आतल्या मृत्यूवर बेतलेली आहेत. दाहाशी त्यांचा संबंध दुरून येतो.

हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतील घटकावरून बेतलेले एक्झेनाटाइड मधुमेहावर वापरले जाते. डेन्मार्कमधील १७२ रुग्णांच्या चाचणीत (२०१२) त्याने धोक्यातील स्नायूपैकी अधिक भाग वाचवल्याचे आढळले. पुढील एका चाचणीत तसा लाभ दिसला नाही. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या धर्तीवर बनवलेले एसपी१६ अजून प्राथमिक टप्प्यात आहे.

कॅथलॅबला पेप्टाइडे नवी आहेत असे मात्र नाही. बिंबिकांना रोखणारे एप्टिफिबाटाइड एका छोट्या खुळखुळ्या सापाच्या विषातील प्रथिनावरून, तर बायव्हालिरुडिन जळवेच्या लाळेतील हिरुडिनवरून बेतलेले आहे. ही दोन्ही गुठळीवर काम करतात. त्यांच्या परिणामाचे मोजमाप तुलनेने सरळ आहे. स्नायू किती वाचला हे ठरवणे त्याहून कितीतरी अवघड.

नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात : अशी औषधे प्रत्यक्षात कोठे व कशी द्यावी लागतील, हे नाशिकच्या उदाहरणावरून दिसते. शहरातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि खासगी रुग्णालयांत अँजिओप्लास्टी होते. पात्र रुग्णांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील रुग्णासाठी मात्र शहर दूर आहे. पेठहून येताना सावळघाट चढावा लागतो, आणि सुरगाण्याहून तर आणखी लांबचा पल्ला. अशा ठिकाणी रोहिणी उघडण्याचे काम बहुधा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनवर येते. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघतो, तो मोबाइलवरून तज्ज्ञाला दाखवला जातो, आणि स्ट्रेप्टोकायनेजची १५ लाख एकके सलाइनमधून अर्ध्या ते एका तासात किंवा टेनेक्टेप्लेजचा वजनानुसार ठरलेला एकच डोस दिला जातो. त्यानंतर १०८ रुग्णवाहिकेतून रुग्ण पुढे पाठवतात आणि सर्व ठीक असल्यास ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करतात. तमिळनाडूतील २,४२० रुग्णांच्या अभ्यासात (२०१७) लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी अशी जोडल्यावर वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. यात नवे औषध कोणतेच नव्हते.

पेप्टाइडांच्या बहुतेक चाचण्या या वाटेने येणाऱ्या रुग्णावर झालेल्याच नाहीत. ‘फायर’मध्ये पहिला डोस बंद रोहिणीतून तार पार होताना आणि दुसरा दहा मिनिटांनी द्यायचा होता, रोहिणी उघडण्याचा क्षण डॉक्टरच्या डोळ्यांसमोर होता. पेठच्या रुग्णालयात तो क्षण कोणालाच दिसत नाही. गुठळी वीस मिनिटांत विरघळेल किंवा तासाभराने, अर्धवट उघडून पुन्हा मिटेल, किंवा उघडणारच नाही. छातीतले दुखणे थांबले आणि ९० मिनिटांनंतरच्या ईसीजीत वर गेलेला एसटी भाग निम्म्याहून खाली आला, की उघडली असावी असे मानायचे. काही मिनिटेच रक्तात टिकणारे पेप्टाइड येथे एका डोसात भागणार नाही. ते इंजेक्शनसोबत सुरू करून सलाइनमधून तासभर चालू ठेवावे लागेल, म्हणजे पंप आला आणि तो घाटातल्या रुग्णवाहिकेतही चालला पाहिजे. पेप्टाइडे सहसा कोरड्या भुकटीच्या रूपात व थंड जागी ठेवावी लागतात, हीही अडचण आहेच.

दुसरा मुद्दा उशिराचा. भारतातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदणीत (२००८) लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे होता. सहा तासांनी बराचसा स्नायू रक्ताअभावीच मेलेला असतो. पुनर्प्रवाहापासून वाचवण्यासारखे थोडेच उरते. पित्त समजून ओवा किंवा सोडा घेण्यात गेलेला तास कोणतेही पेप्टाइड भरून देऊ शकत नाही.

अपयशाची कारणे : प्रयोगशाळेतील उंदीर तरुण व निरोगी असतो आणि त्याची रोहिणी ठरल्या मिनिटाला बांधून ठरल्या मिनिटाला सोडतात. रुग्ण साठीचा, मधुमेही, तंबाखू खाणारा असतो आणि त्याची रोहिणी वर्षानुवर्षे अरुंद होत आलेली असते. मधुमेहात पेशींची स्वतःची संरक्षक यंत्रणाच मंदावते, असे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. शिवाय टिकाग्रेलॉरसारखी बिंबिकारोधक औषधे प्राण्यांवरील प्रयोगांत स्वतःही काही प्रमाणात हृदयरक्षण करतात. ती घेतलेल्या रुग्णात नव्या औषधाला करून दाखवायला फारशी जागा उरत नाही. सध्याचे मत एकाच वेळी दोन-तीन वाटा अडवण्याकडे झुकते आहे : एक औषध पेशीच्या आतल्या मृत्यूवर, दुसरे दाहावर. इंटरल्यूकिन-६ चा ग्राही अडवणाऱ्या टोसिलिझुमॅब या प्रतिपिंडाने नॉर्वेतील १९९ रुग्णांच्या चाचणीत (२०२१) वाचलेल्या स्नायूचे प्रमाण ६३.६ वरून ६९.३ टक्क्यांवर नेले. ते पेप्टाइडांहून फार मोठा रेणू आहे. पण दाहाची वाट निवडून अडवली तर माणसातही फरक पडू शकतो, याचा तो आतापर्यंतचा एक चांगला दाखला आहे. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनवर अवलंबून असलेल्या रुग्णांत अशा औषधांची चाचणी घ्यायची, तर सुरुवात नाशिकसारख्या जिल्ह्यांतील ग्रामीण रुग्णालयांपासूनच करावी लागेल.