उणे ३३ आणि एक गळका फ्लश

चाकणजवळच्या महाळुंग्यात सेप्टिक टाकी गोठत नाही. ती पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात वास मारते आणि दोन्हीवर इलाज एकच, मैला उपसणारा टँकर. चाकणच्या कारखान्यातून मिनेसोटाला गेलेलं एक जोडपं हेच ज्ञान सोबत घेऊन गेलं. जोडपं आणि घर कल्पित आहे; थंडी खरी.

२७ जानेवारी २०१९, रविवार, दुपारी ४. उरले ८७ तास
मिनीॲपोलिसच्या उत्तरेला आयसँटीजवळचं भाड्याचं घर. आई-बाबा होते तोवर दिवसभर आंघोळी, भांडी, धुणं चालायचं आणि टाकीत कोमट पाणी उतरत राहायचं. ते परतले. आता धुणं आठवड्याचं एकदम, रविवारी. गाडी लावायला दोघं परसातला बर्फ खरवडतात. त्याखालूनच टाकीचा पाइप जातो, हे घरमालकाने सांगितलेलं नाही. भुसभुशीत बर्फ ही जमिनीची गोधडी. ती काढली आणि वर टायर फिरले की थंडी खोल उतरते.

२८ जानेवारी, सोमवार, रात्री ११. उरले ५६ तास
फ्लशची टाकी बारीक गळतेय. प्लंबरला बोलवायचं ते शनिवारी बघू. सगळी मेख इथे आहे. बादलीभर पाणी एकदम सोडलं तर ते उताराने धावत सेप्टिक टाकी गाठतं. थेंब मात्र पाइपात रेंगाळतो, गार होतो, तिथेच गोठतो. त्यावर पुढचा थेंब. घर गरम ठेवणाऱ्या आधुनिक गॅसभट्टीतूनही पाणी त्याच पाइपात ठिबकतं आणि थंडी वाढेल तशी भट्टी जास्त चालते, म्हणजे ठिबकणंही वाढतं.

२९ जानेवारी, मंगळवार, रात्री ९. उरले ३४ तास
महाळुंग्यात बुधवारची सकाळ, साडेआठ. व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणतात, “अरे, एवढी थंडी येतेय तर टाकी उपसून घे ना आधीच!” सल्ला मायेचा, पण उलटा. भरल्या टाकीतलं कोमट पाणी आणि जिवाणूंची ऊब हीच तिची शेगडी. रिकामी टाकी लवकर गारठते. टँकरवाला या हवेत यायला नकार देतो. या प्रकरणातलं एवढंच नशीब.

३० जानेवारी, बुधवार, सकाळी ७. उरले २४ तास
मिनीॲपोलिसला पारा उणे ३३ सेल्सिअस. राज्यात टपालवाटपही बंद. कमोडमधलं पाणी सावकाश उतरतं, नळीत गुडगुड होते. ही शेवटची सूचना. आज वापर थांबवून माणूस बोलावला असता, तर पाइप कदाचित बाहेरूनच मोकळा झाला असता. “थंडीमुळे असेल,” नवरा म्हणतो. बरोबरच म्हणतो!

बुधवार, रात्री ११. उरले ८ तास
गॅसचा दाब टिकावा म्हणून एक्सेल एनर्जी कंपनीने या भागातल्या ग्राहकांना घरातलं तापमान ६० फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण साडेपंधरा सेल्सिअसवर आणायला सांगितलंय. दोघं स्वेटर चढवून झोपतात. फ्लश गळतोच आहे.

३१ जानेवारी, गुरुवार, सकाळी ७. शून्य
वर शॉवर सुरू होतो. पाणी बाहेर जात नाही, म्हणून घरातलं सर्वांत खालचं तोंड शोधतं: तळघरातली मोरी. काळं, दुर्गंधीचं पाणी आधी जाळीतून, मग गालिच्यावर.

पुढच्या तासाभरात जे सुचतं ते बहुतेक घातक असतं. मीठ, गाडीतलं अँटीफ्रीझ, पाइपावर शेकोटी, गरम नळ रात्रभर सोडून ठेवणं, यातलं काहीही करायचं नाही. वाफेने किंवा दाबाच्या गरम पाण्याने पाइप मोकळा करणारा माणूस लागतो. टाकीतलं पाणी जमिनीत जिरवण्याचं शेतच गोठलं असेल तर वसंत येईपर्यंत टाकी फक्त साठवणीची. मग मात्र टँकर पुन्हा पुन्हा येत राहतो आणि बिलंही.

हे टाळायला शरदात, जमीन गोठण्याआधी, टाकीवर आणि पाइपावर २० ते ३० सेंटिमीटर पेंढा पसरतात. आता पसरून उपयोग नाही. गोठलेल्या जमिनीवर टाकलेला पेंढा थंडी आतच कोंडतो आणि वितळणं आणखी लांबवतो.