जुन्या स्पोर्ट्स कारच्या हेडलाइटचे अद्ययावतीकरण

जुन्या स्पोर्ट्स कारच्या हेडलाइटचे अद्ययावतीकरण म्हणजे साधारणपणे १९६० ते १९९० च्या दशकांत तयार झालेल्या स्पोर्ट्स मोटारींचे पुढील दिवे, त्यांचा वीजपुरवठा किंवा त्यांची प्रकाशरचना नंतरच्या काळातील घटक वापरून सुधारणे होय. यात रिले व नवीन वायरिंग बसवणे, सील्ड बीम दिव्याच्या जागी बदलता येणाऱ्या हॅलोजन बल्बचा दिवा लावणे, संपूर्ण एलईडी दिवा बसवणे आणि झोताची दिशा जुळवणे या कामांचा समावेश होतो. जास्त वॅटचा बल्ब लावणे हा यातील सर्वांत सोपा वाटणारा, परंतु बहुधा सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे. रस्त्यावर पडणारा प्रकाश बल्बाप्रमाणेच बल्बापर्यंत पोहोचणारा विद्युतदाब, परावर्तकाचा आकार, काचेची रचना आणि दिव्याची दिशा यांवर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९४० पासून सात इंच (१७८ मिमी) व्यासाचा गोल सील्ड बीम दिवा प्रमाणित करण्यात आला. या दिव्यात फिलामेंट, परावर्तक आणि काच हे एकसंध व हवाबंद असतात. फिलामेंट तुटल्यास संपूर्ण दिवा बदलावा लागतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पावणेसहा इंची चार दिव्यांची व १९७० च्या दशकाच्या मध्यात आयताकृती दिव्यांची मुभा मिळाली. बदलता येणाऱ्या बल्बच्या हेडलाइटला मात्र अमेरिकेत १९८३ मध्ये परवानगी मिळाली आणि १९८४ ची लिंकन मार्क ७ ही असे दिवे असलेली तेथील पहिली मोटार ठरली.

युरोपातील विकास वेगळ्या दिशेने झाला. तेथे एच१ हा हॅलोजन बल्ब १९६२ मध्ये आणि दोन फिलामेंट असलेला एच४ बल्ब १९७१ मध्ये वापरात आला. एच४ मुळे खालचा व वरचा असे दोन्ही झोत एकाच हॅलोजन बल्बातून मिळू लागले. त्यामुळे एकाच मॉडेलच्या मोटारीला अमेरिकेत सील्ड बीम आणि युरोपात एच४ दिवे असल्याची उदाहरणे आढळतात. १९७० च्या दशकातील पोर्शे ९११ हे त्यांपैकी एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

सात इंची गोल दिव्याचे माप अनेक देशांत आणि अनेक वाहनांत वापरले गेले. एमजीबी, डॅटसन २४०झेड आणि पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ या स्पोर्ट्स मोटारींत हेच माप होते. भारतात हिंदुस्तान ॲम्बॅसॅडर आणि रॉयल एनफील्ड बुलेट यांमुळे ते सर्वपरिचित आहे. एकाच मापामुळे या मोटारींसाठी पर्यायी दिवे सहज मिळतात; परंतु माप जुळले म्हणून दिव्याचा झोत आणि वाहनाची विद्युतव्यवस्था जुळतेच असे नाही.

सुधारणेची गरज

ताशी ८० किमी वेगाने जाणारी मोटार थांबवताना चालकाच्या प्रतिक्रियेस दीड सेकंद लागला, तर त्या वेळात मोटार सुमारे ३३ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यानंतर आणखी सुमारे ३५ मीटर अंतर लागते. म्हणजे अडथळा किमान ७० मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी १०० किमी वेगाला हेच अंतर जवळजवळ १०० मीटर होते. गडद कपड्यांतील पादचारी खालच्या झोतात यापेक्षा बराच जवळ आल्यावर दिसू शकतो आणि दिवे मंद झालेल्या जुन्या मोटारीत ही उणीव अधिक वाढते.

प्रकाश मंद होण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• वायर, स्विच व जोडांमध्ये होणारी विद्युतदाबाची घट
• गंजलेले किंवा रंगाखाली दबलेले अर्थचे जोड
• काळवंडलेला वा गंजलेला परावर्तक
• दगडांच्या माऱ्याने खडबडीत झालेली काच, तसेच १९९० च्या दशकातील मोटारींवर पिवळट व धूसर झालेली पॉलिकार्बोनेटची आवरणे
• निलंबनाची उंची बदलल्याने चुकलेली झोताची दिशा

विद्युतदाब आणि रिले

फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश विद्युतदाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे विद्युतदाब १० टक्क्यांनी घटला, तर प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. प्रमाणित एच४ बल्ब १३.२ व्होल्टवर खालच्या झोतासाठी सुमारे १,००० ल्युमेन आणि वरच्या झोतासाठी सुमारे १,६५० ल्युमेन प्रकाश देतो. तोच बल्ब ११.९ व्होल्टवर चालला, तर खालच्या झोताचा प्रकाश सुमारे ७०० ल्युमेनवर येतो. बल्ब नवा असूनही तो जुन्यासारखा पिवळसर दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

अनेक जुन्या मोटारींत हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह डॅशबोर्डवरील किंवा स्टिअरिंगजवळील स्विचमधून जातो. ५५ किंवा ६० वॅटच्या दोन बल्बांसाठी हा प्रवाह ९ ते १० अँपिअर असतो. स्विचचे संपर्क काळानुसार झिजतात, त्यांचा रोध वाढतो, ते तापतात आणि कधी कधी त्यांच्याभोवतीचे प्लास्टिक वितळते. डॅटसन २४०झेड या बाबतीत विशेष ओळखली जाते.

यावरील उपाय म्हणजे रिले. मूळ स्विच केवळ रिलेच्या कॉइलला अल्प प्रवाह पुरवतो, तर दिव्याचा मुख्य प्रवाह बॅटरी किंवा अल्टरनेटरकडून फ्यूज व रिलेमार्गे थेट दिव्यांकडे जातो. प्रचलित रिलेवर ८५ व ८६ ही कॉइलची, ३० हे वीजपुरवठ्याचे आणि ८७ हे दिव्याकडे जाणारे टोक असते. खालच्या व वरच्या झोतासाठी स्वतंत्र रिले व स्वतंत्र फ्यूज ठेवले जातात, जेणेकरून एक बिघडल्यास दुसरा झोत उपलब्ध राहतो. फ्यूज विजेच्या स्रोताजवळ असावा लागतो. अन्यथा बॅटरी आणि फ्यूज यांमधील वायर घासून उघडी पडल्यास आग लागण्याचा धोका असतो. दोन बल्बांच्या सामाईक वायरसाठी २.५ चौरस मिमी छेदाची तांब्याची वायर सामान्यतः पुरेशी असते.

काम करण्यापूर्वी व केल्यानंतर दिवे पेटलेल्या स्थितीत दिव्याच्या प्लगपाशी आणि बॅटरीच्या टोकांवर विद्युतदाब मोजला जातो. दोन्हींतील फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक असल्यास वायरिंग सुधारल्याने ठळक फरक पडतो. दिवे बंद असताना केलेले मोजमाप निरुपयोगी ठरते, कारण प्रवाह नसताना रोधामुळे होणारी घट दिसून येत नाही.

सील्ड बीमऐवजी एच४ दिवा

सील्ड बीम काढून त्याच मापाचा एच४ दिवा बसवणे हा सर्वाधिक प्रचलित बदल आहे. दोन्हींचा तीन पात्यांचा प्लग बहुधा सारखाच असतो आणि मूळ धारक कडीत नवा दिवा बसतो. एच४ दिव्याचा मागील भाग मात्र अधिक बाहेर येऊ शकतो. त्यामुळे मूळ वाटीत पुरेशी जागा आहे का, हे आधी तपासावे लागते. बल्बामागील रबरी टोपी नीट बसली नाही, तर आत ओलावा शिरून परावर्तक खराब होतो.

युरोपीय पद्धतीच्या खालच्या झोताला वरच्या बाजूस स्पष्ट सीमारेषा असते. समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूस ही रेषा सपाट, तर रस्त्याच्या कडेच्या बाजूस ती वर चढत जाते. म्हणून डावीकडून आणि उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी दिवे वेगळे असतात. उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेला दिवा भारत किंवा ब्रिटनमध्ये वापरल्यास चढती रेषा समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येते. ही चूक झोत खाली वळवून पूर्णपणे दुरुस्त होत नाही. दिवाच बदलावा लागतो.

१०० व ९० वॅटचे अतिशक्तिमान एच४ बल्ब मूळ वायरिंगवर लावणे धोक्याचे असते. अशा दोन बल्बांचा वरचा झोत १२ व्होल्टवर सुमारे १७ अँपिअर प्रवाह घेतो. सुरुवातीच्या एमजीबीतील ल्युकास सी४० डायनामोची क्षमता २२ अँपिअर होती. म्हणजे इग्निशन, वायपर व इतर दिव्यांसाठी फारच थोडा प्रवाह उरतो. निळसर आवरण असलेले बल्ब अधिक पांढरे दिसत असले, तरी ते आवरण काही प्रकाश अडवते.

एलईडी आणि झेनॉन

हॅलोजन दिव्याचा परावर्तक फिलामेंटच्या ठरावीक आकार व स्थानासाठी घडवलेला असतो. त्या जागी झेनॉनचा विद्युतकमान दिवा किंवा एलईडी बल्ब बसवल्यास प्रकाशस्रोताचा आकार बदलतो आणि झोत विस्कळीत होऊ शकतो. मोटारीसमोरील काही मीटरचा रस्ता अत्यंत उजळ दिसल्याने सुधारणा झाल्याचा भास होतो. परंतु डोळे त्या उजेडाला सरावतात आणि दूरचा अंधारलेला भाग अधिकच कमी दिसतो. समोरील चालकांना होणारा त्रास वेगळाच.

संपूर्ण एलईडी दिव्याची स्थिती वेगळी असते. त्यात प्रकाशस्रोत, परावर्तक वा भिंग आणि काच यांची रचना एकत्रितपणे केलेली असते. प्रमाणित असा सात इंची दिवा नीट सीमारेषा देतो, कमी वीज घेतो आणि जुन्या स्विचवरील ताण हलका करतो. त्याच्या मर्यादाही आहेत. दिव्याची काच फारशी तापत नसल्याने थंड प्रदेशात तिच्यावर साचलेले बर्फ वितळत नाही. अल्प प्रवाहामुळे काही मोटारींतील वरच्या झोताचा निर्देशक दिवा नीट काम करत नाही. काही जुन्या जपानी मोटारींत दिव्याला धन वीज कायम मिळते व झोत बदलण्याचा स्विच ऋण बाजूवर असतो. अशा मोटारींत सर्वसामान्य जोडणी चालत नाही.

विशिष्ट मोटारींमधील बाबी

एमजीबी (१९६२–१९८०) : १९६७ पर्यंतच्या मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. एलईडी दिवे ध्रुवतेस संवेदनशील असल्याने अशा मोटारीत ते थेट लावता येत नाहीत.

जग्वार ई-टाइप : १९६१ च्या मूळ रचनेत दिव्यांवर तिरकी काचेची आवरणे होती. अमेरिकी नियमांमुळे १९६७ मध्ये ती काढण्यात आली. आवरण असलेल्या मोटारीत आतील बाजू स्वच्छ ठेवणे हीच प्राथमिक सुधारणा ठरते.

माझदा एमएक्स-५ (पहिली पिढी, १९८९–१९९७) : हिचे दिवे बॉनेटमधून वर उघडतात. जड किंवा खोल दिवा बसवल्यास तो बंद होताना आतील भागांना अडणार नाही, याची खात्री हाताने यंत्रणा फिरवून करता येते. त्यासाठी मोटरवर फिरवण्याची मूठ दिलेली असते. दिवा सतत वर-खाली होत असल्याने वायरला पुरेशी ढील ठेवावी लागते.

झोताची दिशा जुळवणे

कोणत्याही बदलानंतर झोत जुळवणे आवश्यक असते. मोटार सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून आणि चालकाच्या आसनावर वजन ठेवून भिंतीसमोर उभी करतात. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखली जाते. युरोपीय पद्धतीच्या दिव्यासाठी एक टक्का उतार सामान्य मानला जातो. म्हणजे १० मीटरवरील भिंतीवर सीमारेषा दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी खाली असावी. बुटक्या स्पोर्ट्स मोटारीचे दिवे जमिनीजवळ असल्याने लहानशी चूकही झोताचा पल्ला बराच घटवते. दिवे जमिनीपासून ६० सेंमीवर असतील, तर एक टक्का उतारावर सीमारेषा ६० मीटरवर रस्त्याला टेकते. दोन टक्के उतारावर हेच अंतर ३० मीटर होते. निलंबन बुटके केलेल्या मोटारीत दिव्यांची उंची कायदेशीर किमान मर्यादेखाली जाण्याचीही शक्यता असते.

कायदेशीर बाजू

हेडलाइटचे नियम देशानुसार बदलतात. अमेरिकेत वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०८ लागू आहे, तर युरोप व इतर अनेक देश संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीचे पालन करतात. त्या नियमावलीनुसार २,००० ल्युमेनपेक्षा अधिक प्रकाशाच्या स्रोतावर चालणाऱ्या खालच्या झोतासाठी स्वयंचलित उंची-नियंत्रण आणि दिवा धुण्याची सोय आवश्यक मानली गेली. त्यामुळे केवळ झेनॉनचा संच बसवणे तेथे पुरेसे नसते. जर्मनीत हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला पहिली रस्ता-मान्यता २०२० मध्ये मिळाली. परंतु ती ठरावीक वाहन व दिव्यांपुरतीच होती. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते आणि दिव्यांसंबंधीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत.

मूळ स्वरूपाचे जतन

संग्राह्य मोटारींच्या बाबतीत दिव्याचे बाह्य रूप महत्त्वाचे असते. आधुनिक एलईडी दिव्यांचे अनेक भिंगांचे दर्शनी रूप १९६० च्या दशकातील मोटारीवर विसंगत दिसू शकते. यासाठी जुन्या धाटणीची काच असलेले एच४ दिवे, तसेच ल्युकासच्या पी७०० या तीन पट्ट्यांच्या दिव्याच्या प्रतिकृती वापरल्या जातात. रिलेची जोडणी मूळ वायर न कापता, मूळ प्लगचाच उपयोग करून करता येते. त्यामुळे ती पुढे काढून मोटार पूर्ववत करणे शक्य राहते. बदल उलटवता येण्याजोगा असल्याने संग्राहक व रोज मोटार चालवणारे अशा दोघांमध्येही रिले आणि चांगला अर्थ ही पहिली पायरी मानली जाते. नवीन दिव्याची निवड त्यानंतर केल्यास मूळ दिव्याची खरी क्षमता आधी कळते आणि काही वेळा दिवा बदलण्याची गरजच उरत नाही.

हे सुद्धा पहा

• हेडलाइट
• हॅलोजन दिवा
• प्रकाश उत्सर्जक डायोड
• रिले
• माझदा एमएक्स-५